कॉकपिट कुणी कसं सोडलं होतं?

पहाटे मुंबईच्या टर्मिनलसमोर उभ्या असलेल्या एअरबस ए३२० मध्ये वैमानिक शिरतात, तेव्हा ते विमान बहुतेक वेळा जागंच असतं. बाहेरून वीज जोडलेली असते, केबिनमध्ये साफसफाई चाललेली असते, कॉकपिटमधले पडदे उजळलेले असतात. दिवसा तर आधीच्या फेरीचे वैमानिक उतरून अर्धा तासही झालेला नसतो. सिम्युलेटरच्या दुनियेत मात्र 'कोल्ड अँड डार्क' या अवस्थेला भलतीच प्रतिष्ठा आहे. बॅटरीसुद्धा बंद, सगळं काळोखं, तिथून इंजिनं सुरू करून विमान धावपट्टीपर्यंत नेलं तरच तुम्ही खरे सिमर. बाकीचे नुसते खेळणारे! हा समज आधी डोक्यातून काढून टाकू या. काळोखातून सुरुवात करणं शिकण्यासारखं आहे, त्यात मजाही आहे, पण प्रवासी विमानाच्या रोजच्या आयुष्यात तो प्रसंग तुलनेने कमी येतो.

सुरुवातीच्या अवस्थांची नावं विमानागणिक बदलतात. मूळ कल्पना मात्र चार-पाचच आहेत. फ्लायबायवायर या गटाचं मोफत ए३२० निओ उदाहरणादाखल घेऊ. नवख्या माणसाने सुरुवात करायला मला तरी याहून चांगलं विमान सुचत नाही. त्याच्या कॉकपिटमध्ये फ्लायपॅड नावाचा टॅबलेट आहे आणि त्यात पाच तयार अवस्था मिळतात: कोल्ड अँड डार्क, पॉवर्ड, रेडी फॉर पुशबॅक, रेडी फॉर टॅक्सी आणि रेडी फॉर टेकऑफ. यातली एखादी निवडली की टॅबलेट स्वतःच एकेक स्विच लावत जातो आणि कुठवर आलो ते दाखवत राहतो. पीएमडीजी या कंपनीच्या सिम्युलेटरसाठीच्या बोइंग ७३७ मध्ये हेच काम सीडीयूच्या, म्हणजे उड्डाणाची माहिती भरण्याच्या छोट्या पडद्या-कळफलकाच्या, मेनूमधून होतं. तिथे याला 'पॅनेल स्टेट' म्हणतात आणि आपली स्वतःची अवस्थाही जतन करून ठेवता येते. एक्स-प्लेनमध्ये विमान निवडतानाच इंजिनं चालू हवीत की नकोत, हे विचारणारी चौकट असते. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये तर आपण काही न ठरवताच ठरून जातं. नकाशावर पार्किंगची जागा घेतली तर विमान बंद मिळतं, धावपट्टी घेतली तर इंजिनं घरघरत असतात. 'काल तर हे विमान चालू होतं, आज मेलं कसं?' असा प्रश्न पडणाऱ्या बहुतेकांचं उत्तर या एका वाक्यात आहे.

आता निवड कशी करायची? आज काय शिकायचं आहे ते ठरवा, अवस्था आपोआप ठरेल. गोव्यातल्या मोप्याच्या धावपट्टीवर आडव्या वाऱ्यात उतरण्याचा सराव करायचा असेल, तर अर्धा तास बॅटऱ्या आणि पंपांत घालवण्यात अर्थ नाही. थेट उड्डाणासाठी सज्ज अवस्था घ्या, नाहीतर विमान हवेतच घ्या. एमसीडीयूमध्ये, म्हणजे एअरबसच्या सीडीयूमध्ये, मार्ग, वजन आणि वेग भरायला शिकायचं असेल तर पॉवर्ड अवस्था उत्तम, कारण वीज आहे, पण बाकीचं काम तुमच्यासाठी राखून ठेवलेलं आहे. मुंबई-नागपूर, नागपूर-पुणे अशा लागोपाठ फेऱ्या करणाऱ्या वैमानिकाचा दिवस जगायचा असेल, तर आधीचं उड्डाण संपवून इंजिनं बंद केलेली, पण वीज चालू असलेली अवस्था, म्हणजे टर्नअराउंड, सगळ्यात वास्तव. आणि विमानातली वीज, हवा, हायड्रॉलिक दाब यांचं एकमेकांशी नातं समजून घ्यायचं असेल तर मात्र काळोखातूनच सुरू करा. व्हॅटसिमसारख्या ऑनलाइन जाळ्यावर उडणार असाल तर आणखी एक पथ्य पाळा. तिथे धावपट्टीवर किंवा टॅक्सीवेवर अचानक प्रकट होणं नियमाला धरून नाही. पार्किंगमध्येच जोडणी करा. अवस्था कुठलीही असो.

एक सापळा इथेच सांगून ठेवतो, कारण त्यात अडकलेली माणसं मार्गच रद्द करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. फ्लायपॅडच्या तयार अवस्था स्विच लावून देतात; मार्ग, वजन, उड्डाणाचे वेग हे भरण्याचं काम तुमचंच राहतं. आणि एअरबसमध्ये वजन व इंधन भरण्याचं 'इनिट बी' हे पान इंजिन सुरू झाल्यावर उघडतच नाही. म्हणजे रेडी फॉर टॅक्सी अवस्था निवडून तुम्ही निवांतपणे एमसीडीयूकडे वळलात तर ते पान गायब! घाबरायचं कारण नाही. हे आकडे 'फ्युएल प्रेड' पानावरून भरता येतात. पण रोज असंच करायचं असेल तर पुशबॅकची अवस्था घेणं सोयीचं.

अवस्था कोणतीही घ्या, एक गोष्ट लक्षात ठेवा: हे कॉकपिट तुम्ही लावलेलं नाही. ते दुसऱ्या कुणीतरी लावून तुमच्या हवाली केलं आहे. खऱ्या विमानात तो आधीचा वैमानिक असतो किंवा रात्रपाळीचा अभियंता. सिम्युलेटरमध्ये ती एक फाइल असते. दुसऱ्याने चालवलेली गाडी हाती आली की आपण आरसे आणि सीट जुळवल्याशिवाय किल्ली फिरवत नाही, त्यातलाच हा प्रकार. माझ्या मते सगळी चेकलिस्ट संस्कृती या एका संशयावर उभी आहे: मला मिळालेली वस्तू मला वाटते तशीच आहे का?

काळोखातून

कोल्ड अँड डार्क ए३२० मध्ये बसल्यावर पहिला हात बॅटरीकडे जातो. जरा थांबा. वीज देण्याआधी काही गोष्टी नुसत्या बघायच्या असतात. दोन्ही इंजिनांचे मास्टर स्विच बंद आहेत ना, इंजिन मोडचा गोल खटका 'नॉर्म'वर आहे ना, चाकांचा लिव्हर खाली आहे ना, दोन्ही वायपर बंद आहेत ना, फ्लॅपचा लिव्हर फ्लॅपच्या खऱ्या स्थितीशी जुळतो आहे ना. कारण उघड आहे. आत्ता हे सगळे लिव्हर मुके आहेत. वीज आणि हायड्रॉलिक दाब आला की प्रत्येक जण आपापली आज्ञा बजावायला लागेल. पंखाजवळ कामगार उभा असताना फ्लॅप हलू लागणं कुणालाच परवडणारं नाही. सिम्युलेटरमध्ये कामगाराला काही होत नाही हे खरं, पण सवय लागते ती दोन्हीकडे सारखीच.

मग बॅटऱ्यांचा दाब बघा. दोन्ही साडेपंचवीस व्होल्टच्या वर हव्यात. कमी असतील तर बाहेरची वीज जोडून वीस मिनिटं चार्ज होऊ द्यायच्या. बॅटऱ्या ऑटोवर टाका. आता विमान फक्त बॅटरीवर आहे. इथे चहा करायला उठू नका, कारण चांगल्या सिम्युलेशनमध्ये बॅटरी खरोखर उतरते. लगेच बाहेरची वीज घ्या. 'एक्स्टर्नल पॉवर'च्या बटणावर हिरवं 'अव्हेल' दिसलं की ते दाबायचं. ते दिसत नसेल तर बटण बिघडलेलं नाही. तुम्ही जमिनीवरचा जनरेटर मागवलेलाच नाही. फ्लायपॅडच्या ग्राउंड विभागातून तो मागवावा लागतो.

बाहेरची वीज नसेल तर एपीयू, म्हणजे शेपटीतलं छोटं इंजिन. त्याच्या आग-सूचकाची चाचणी आधी, मग मास्टर स्विच, काही सेकंदांनी स्टार्ट, आणि मिनिटभरात तिथेही 'अव्हेल'. बाहेरची वीज असेल तर एपीयू लवकर लावायची घाई करू नका. ते ताशी शंभर किलोहून जास्त इंधन पितं, आणि विमान कंपन्या असल्या किलोंचा हिशोब ठेवतात. निघायच्या थोडं आधी लावलं की पुरतं.

यानंतरची पायरी सगळ्यात कमी समजून केली जाते: दिशा आणि स्थान सांगणाऱ्या यंत्रांचे, म्हणजे एडीआयआरएसचे, तीन स्विच 'नॅव्ह'वर. या यंत्रांतले जायरो पृथ्वीचं फिरणं टिपतात आणि त्यावरून उत्तर कुठे आहे हे स्वतः शोधून काढतात. त्यासाठी विमान अगदी निश्चल उभं हवं. ध्रुवाच्या जवळ गेलं की हा शोध अवघड होतो, म्हणून वेळ जास्त लागतो. एरवी दहाएक मिनिटं धरून चाला. बहुतेक सिम्युलेटर विमानांत हा वेळ खरा, कमी किंवा शून्य ठेवण्याची सोय असते. सुरुवातीला कमी ठेवा, त्यात कमीपणा नाही. पण खरा वेळ ठेवला असेल तर तो संपण्याआधी पुशबॅक करू नका. विमान हललं की जुळणी बिघडते, आणि मग समोरच्या पडद्यावर क्षितिजाऐवजी लाल इशारे घेऊन तुम्ही टॅक्सीवेवर उभे राहता. खरे वैमानिक हे स्विच लवकर लावून मोकळे होतात आणि त्या दहा मिनिटांत एमसीडीयू भरतात. कामाचा क्रम असा वेळेच्या हिशोबाने बसवलेला असतो. तो पाठ करण्याआधी तो तसा का, हे एकदा समजून घेतलं की पाठांतर अर्ध्यावर येतं.

डोक्यावरचं पॅनेल तपासायला एअरबसने एक फार सोपी युक्ती देऊन ठेवली आहे. सगळं नेहमीसारखं असेल तर बटणावर दिवा नसतो. पांढरा दिवा म्हणजे ती गोष्ट 'बंद' करून ठेवलेली आहे. म्हणून तयारी करताना डावीकडच्या रांगेपासून खाली-वर नजर फिरवत जा आणि जिथे पांढरं दिसेल तिथे थांबा. का पेटलाय ते माहीत असेल तर पुढे चला, नसेल तर विझवा. नवख्या माणसाला ही एक सवय पन्नास स्विचांच्या यादीपेक्षा लवकर तारते.

इंजिन सुरू करताना एपीयूची हवा, म्हणजे ब्लीड, चालू हवी. इंजिनं हवेच्या जोरावर फिरायला लागतात. मोडचा खटका इग्निशन-स्टार्टवर, आणि प्रचलित पद्धतीने आधी दुसरं, म्हणजे उजवं इंजिन. ते पिवळ्या हायड्रॉलिक प्रणालीला दाब देतं आणि पार्किंग ब्रेक त्याच प्रणालीवर आहे. मास्टर स्विच वर केला की हात काढून घ्या आणि नजर मधल्या पडद्यावर ठेवा. फेनिक्स या कंपनीच्या सिम्युलेटरसाठीच्या ए३२० मध्ये सीएफएम५६ इंजिन असेल तर एन२, म्हणजे इंजिनाच्या आतल्या दांड्याचा वेग, सुमारे १६ टक्क्यांवर गेल्यावर ठिणगी, २२ च्या आसपास इंधन, मग एक्झॉस्टचं तापमान चढायला लागतं, आणि ५० टक्क्यांवर स्टार्टरची झडप बंद होते. हे सगळं पडद्यावर एकामागून एक घडताना बघण्यात जो आनंद आहे तो नुसत्या आवाजात नाही. निओवरच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनाला मात्र जरा जास्त वेळ लागतो. बंद केलेल्या इंजिनाचा दांडा वरून गरम आणि खालून थंड राहिल्याने किंचित वाकतो, आणि तो सरळ होईपर्यंत इंजिन आधी नुसतंच फिरवून घेतलं जातं. आपल्याकडच्या निओ विमानांत बसून 'अजून इंजिन का लागेना' असं कधी वाटलं असेल, तर हे त्यामागचं एक कारण असू शकतं.

बोइंग ७३७ कडे आलात की हाताला कामं वाढतात. एपीयू लागलं तरी त्याचा जनरेटर विजेच्या बसवर आपण स्वतः घ्यायचा. इंजिन लागलं तरी तेच. विमान कुठे उभं आहे हे सीडीयूत आपण भरायचं. इंजिन लावताना एअरबस वातानुकूलनाचे पॅक स्वतः बंद करतं, ७३७ मध्ये ते आपण बंद करायचे, आणि नंतर आठवणीने चालू करायचे. 'इंजिन फिरतंय, पण वेग पकडत नाही' या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा चालू राहिलेल्या पॅकमध्ये सापडतं. एन२ २५ टक्क्यांवर गेलं की इंधनाचा लिव्हर वर, आणि ५६ च्या सुमारास स्टार्टरचा खटका टक्कन सुटून मागे येतो. कुठलं विमान चांगलं हा वाद मी इथे काढणार नाही. पण शिकण्यासाठी ७३७ जास्त उघडं विमान आहे, काय चाललंय ते लपवत नाही.

टेबलावरचे स्विच

एक अडचण खऱ्या वैमानिकाला कधीच येत नाही, फक्त आपल्याला येते. सिम्युलेटरने कोल्ड अँड डार्क अवस्था लावली, पण तुमच्या टेबलावरच्या थ्रस्टमास्टरच्या क्वाड्रंटवर इंजिन मास्टरचा स्विच कालच्या उड्डाणानंतर वरच राहिला आहे. पडद्यावर बंद, हाताखाली चालू. तुम्ही तो वर करायला जाता तर तो आधीच वर आहे, आणि इंजिन काही लागत नाही. हनीकोंबच्या योकवरच्या बॅटरी आणि दिव्यांच्या स्विचांचंही तेच. उपाय साधा: विमान लोड करण्याआधी टेबलावरचा प्रत्येक स्विच त्या अवस्थेशी जुळवून घ्या. विसरलात तर तो एकदा खाली आणि पुन्हा वर करा, म्हणजे आज्ञा पोहोचते. फ्लॅप, चाकं, स्पॉयलर, पार्किंग ब्रेक आणि थ्रॉटल यांची फेरी सगळ्यात आधी. एअरबसचे थ्रॉटल तर ठरावीक खाचांवर चालतात, त्यामुळे शून्याची खाच नीट बसवलेली नसेल तर विमान तुमच्या नकळत थोडी शक्ती लावून बसतं आणि ब्रेक सोडताच चालू लागतं.

दुसरी गोष्ट त्या जादूच्या शॉर्टकटची. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये कंट्रोल आणि ई दाबलं की विमान आपोआप सुरू होतं. साध्या सेसनामध्ये ठीक आहे. ज्या विमानांत प्रत्येक प्रणाली वेगळी लिहिलेली आहे, तिथे हा शॉर्टकट निम्मं काम करतो आणि निम्मं बिघडवतो. मग इंजिन चालू पण जनरेटर नाही, असली त्रांगडी तयार होतात. त्या विमानाची स्वतःची तयार अवस्था असताना हा शॉर्टकट विसरलेला बरा. उड्डाणाच्या मध्येच सिम्युलेटरच्या मेनूतून जतन केलेल्या फायलींवरही फार भरवसा ठेवू नका. विमानाची स्वतःची जतन करण्याची सोय असेल तर ती वापरा.

वाचायची यादी, करायची यादी

अमेरिकेतल्या डेटन इथे ३० ऑक्टोबर १९३५ रोजी बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं बॉम्बर उड्डाण करताच कोसळलं. शेपटीच्या पृष्ठभागांना वाऱ्यापासून जपणारं कुलूप काढायचं राहून गेलं होतं. चालवणारे मेजर प्लॉयर हिल हे मुरलेले वैमानिक होते. अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वैमानिकांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे एक छापील यादी. तेच विमान पुढे बी-१७ म्हणून गाजलं आणि ती यादी सगळ्या विमानविद्येत पसरली. ही गोष्ट सगळे सांगतात. पुढची गोष्ट फार कमी जण सांगतात: प्रवासी विमानातली आजची नेहमीची चेकलिस्ट ही कामं करण्याची यादी नसतेच.

कामं स्मरणाने करायची असतात, हात एका ठरलेल्या वाटेने फिरवत. याला फ्लो म्हणतात. डोक्यावरचं पॅनेल वरून खाली, मग समोरचं, मग मधलं. हात थांबला की मगच यादी उघडायची, आणि तिच्यात सगळं नसतं. चुकलं तर जीवावर बेतेल अशा मोजक्याच गोष्टी असतात. ए३२० ची इंजिनं लावण्याआधीची यादी बघा: कॉकपिटची तयारी, सूचना-दिवे, एडीआयआरएस, इंधन, उड्डाणाचे आकडे, दाबमापक, दारं, बीकन, थ्रॉटल, पार्किंग ब्रेक. संपली. साठ-सत्तर कृतींमधून या दहाएक उरल्या आहेत. सिम्युलेटरमधल्या दिलेल्या याद्या बहुधा उलट्या असतात: प्रत्येक स्विचचा उल्लेख, शेजारी डोळ्याचं चिन्ह, दाबलं की कॅमेरा तिथे नेतो. पहिल्या काही दिवसांसाठी ते छान आहे. त्यानंतर ती बंद करा, फ्लो हातात बसवा आणि छोटी यादी घ्या. मोठी यादी वाचत वाचत स्विच दाबणाऱ्याला एक स्विच राहिला तर तो कळायला दुसरी फेरीच नसते. फ्लो आणि मग यादी, यात तीच गोष्ट दोनदा पकडता येते.

यादी विमानाबरोबर जी आली असेल तीच वापरा. इंटरनेटवर सापडलेली एखाद्या परदेशी कंपनीची यादी दिसायला भारदस्त असते, पण तिच्यातलं इंजिन वेगळं, पर्याय वेगळे, कधी कधी विमानाची पिढीही वेगळी.

नासासाठी असफ देगानी आणि अर्ल वीनर यांनी १९९० साली कॉकपिटमधल्या चेकलिस्टांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी नोंदवलेल्या सवयी आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत: तीन-चार बाबी एका दमात वाचून टाकणं, उत्तर स्विचकडे न बघता पाठ असल्यासारखं देणं, आणि जे दिसेल अशी अपेक्षा असते तेच दिसणं. खऱ्या कॉकपिटमध्ये एक वाचतो आणि दुसरा उत्तर देतो. घरी आपण एकटेच, तेव्हा दोघांची कामं वेगळी ठेवण्यासाठी थोडा नाटकीपणा करावा लागतो. बाब मोठ्याने वाचा, माउस त्या जागेवर न्या, आणि उत्तर देताना स्विचकडे बघण्यापेक्षा परिणामाकडे बघा. 'फ्लॅप' म्हटलं की लिव्हरवर नजर टाकून भागत नाही. ईकॅमच्या, म्हणजे मधल्या, पडद्यावर फ्लॅप कुठे दिसतायत ते वाचा. 'इंधन' म्हटलं की 'तपासलं' असं नको, आकडा म्हणा: 'पाच हजार आठशे किलो, आराखड्यात पाच हजार सातशे पन्नास.' सिम्युलेटरच्या मेनूत इंधन कुठे गॅलनमध्ये, कुठे पौंडांत, कुठे टक्क्यांत दिसतं, त्यामुळे आकडा आणि एकक दोन्ही उच्चारा. पौंड आणि किलोच्या अशाच घोटाळ्यात १९८३ साली एअर कॅनडाच्या ७६७ चं इंधन आकाशात संपलं. ते गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर तरंगत उतरलं आणि सुदैवाने कुणी दगावलं नाही.

यादीच्या मध्येच फोन आला, आईने हाक मारली, कंट्रोलरने काही विचारलं तर? 'कुठवर आलो होतो' हे आठवायचा प्रयत्न करू नका. ती यादी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचा. दहा ओळींना अर्धं मिनिट लागतं. डेट्रॉइटमध्ये १६ ऑगस्ट १९८७ रोजी नॉर्थवेस्टचं एमडी-८२ फ्लॅप न काढताच उडालं. टॅक्सीची यादी झालेलीच नव्हती आणि इशारा देणारी यंत्रणाही बोलली नाही. १५६ माणसं गेली. माद्रिदला २० ऑगस्ट २००८ रोजी स्पॅनएअरच्या एमडी-८२ बाबत पुन्हा तेच, पुन्हा इशारा नाही, १५४ मृत्यू. म्हणून आपल्या ए३२० मध्ये उड्डाणाआधी टेकऑफ कॉन्फिगचं बटण दाबा आणि पडद्यावरच्या मेमोतल्या निळ्या ओळी एकेक हिरव्या झाल्या का ते वाचा, पण त्या यंत्राने सांगितलं म्हणून फ्लॅप बघणं सोडू नका. बोइंग ७७७ मध्ये यादीच पडद्यावर असते आणि काही ओळी विमान स्वतः जाणून टिकमार्क करतं. तिथेही उरलेल्या ओळींना तुमचेच डोळे लागतात.

मुद्दाम चुकवलेली अवस्था

सायप्रसच्या लार्नाकाहून १४ ऑगस्ट २००५ रोजी हेलिओस कंपनीचं बोइंग ७३७-३०० अथेन्सकडे निघालं. रात्री जमिनीवर केबिनच्या हवाबंदपणाची चाचणी झाली होती आणि त्यासाठी दाबाचा खटका 'मॅन्युअल'वर ठेवला गेला होता. तो तसाच राहिला. वैमानिकांनी विमान ताब्यात घेतलं, यादी वाचली, इंजिनं लावली, उडाले. तीन टप्प्यांवर तो खटका पकडता आला असता, तीनही वेळा तो निसटला. वर जाताना केबिनमधला दाब उतरत गेला. इशाऱ्याचा भोंगा वाजला, पण तोच भोंगा जमिनीवर उड्डाणाची मांडणी चुकल्यावरही वाजतो, त्यामुळे त्याचा अर्थ चुकला. विमानातले १२१ जण परतले नाहीत.

सिम्युलेटरच्या तयार अवस्था नको तितक्या स्वच्छ असतात. तिथे रात्रपाळीच्या अभियंत्याने काहीही विसरलेलं नसतं, त्यामुळे आपली यादी दरवेळी बिनचूक उतरते आणि हळूहळू वाचणं म्हणजे नुसतं पुटपुटणं होऊन बसतं. यावर एक फार उपयोगी सराव आहे. विमान टर्नअराउंड अवस्थेत आणा, मग तुम्ही खोलीबाहेर जा आणि मित्राला किंवा घरातल्या कुणालाही चार-पाच स्विच हलवायला सांगा. विमानाची माहिती नसलेला माणूस उत्तम, कारण तो तुम्हाला न सुचणारी जागा निवडतो. काय हलवलं ते त्याने चिठ्ठीवर लिहून ठेवायचं. मग नेहमीचा फ्लो, नेहमीची यादी, आणि शेवटी चिठ्ठी. कुणी सोबत नसेल तर पीएमडीजीच्या ७३७ मध्ये चुका घातलेल्या काही अवस्था वेगवेगळ्या नावांनी जतन करून ठेवा, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी त्यातली कुठलीही उघडा. दाबाचा खटका मॅन्युअलवर, एक हायड्रॉलिक पंप बंद, ट्रिम भलतीकडे, दाबमापक जुन्या आकड्यावर, अँटी-आइस चालू. बघा किती सापडतात. बहुतेकांना डोक्यावरच्या पॅनेलवरचं सापडतं आणि मधल्या पेडेस्टलवरचं राहतं. फ्लो तिथे पोहोचेपर्यंत मन पुशबॅकच्या पुढे गेलेलं असतं.

आता उलट टोक: विमान सोडताना. उतरल्यावर इंजिनं तीनेक मिनिटं कमी वेगावर थंड होऊ द्या. दरम्यान एपीयू लावा, म्हणजे इंजिनं बंद करताच पडदे काळे होणार नाहीत. लगेच पुढची फेरी असेल तर इथेच थांबा. वीज चालू, एडीआयआरएस चालू, आणि ही अवस्था जतन करा. तुमची स्वतःची टर्नअराउंड अवस्था तयार झाली, कुठल्याही तयार फायलीपेक्षा तुमच्या सवयींना जुळणारी. विमान रात्रीसाठी बंद करायचं असेल तर क्रमाला महत्त्व आहे. एडीआयआरएस बंद केल्यावर किमान दहा सेकंद वीज चालू ठेवा, म्हणजे त्यांना शेवटची माहिती साठवून घेता येते. एपीयू बंद केल्यावर 'अव्हेल'चा दिवा विझला तरी बॅटऱ्या लगेच काढू नका. शेपटीतलं एपीयूचं झाकण पूर्ण मिटायला सुमारे दोन मिनिटं लागतात. ते अर्धवट उघडं असताना बॅटऱ्या बंद केल्या तर पुढच्या उड्डाणात केबिनमध्ये धूर येऊ शकतो.